क्रॅनबेरी आणि व्हाइट चॉकलेटचे ४८ बार: नोंदी

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

लिहून ठेवायला आजपासून सुरुवात करतेय, कारण बेकिंग करताना कशात किती काय घातलं ते पुढच्या आठवड्यात मला आठवत नाही आणि यावेळी विसरून चालणार नाही. समोरच्या घरातल्या आजी (वय ८१) दर डिसेंबरात आमच्या अख्ख्या गल्लीला क्रॅनबेरी आणि व्हाइट चॉकलेटचे बार वाटतात. आम्ही इथे न्यू जर्सीत एडिसनला राहायला आलो तेव्हा कुणाची ओळख नव्हती, बाहेर बर्फ, लेक आठ महिन्यांची, आणि एका संध्याकाळी बेल वाजली तर या बाई दारात, हातात फॉइलने झाकलेली डिश. त्या डिशचं मला फार आहे. यंदा ऑक्टोबरात पायरीवरून घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये. मी त्यांना म्हटलं यंदा बार मी करते, तुम्ही फक्त कृतीचं कार्ड द्या.

कार्ड मिळालं. पिवळं पडलेलं, कडेला बटरचे डाग. प्रमाण सगळं कपात, आलं "थोडं", आणि शेवटी नुसतंच "होईपर्यंत भाजा".

हिशोब असा: २० डिसेंबरला वाटायचे, १२ घरं, प्रत्येकी ४, म्हणजे ४८. ९ बाय १३ इंचांच्या पॅनमध्ये १२ चौकोन आणि प्रत्येक चौकोन तिरका कापला की २४ त्रिकोण. दोन पॅन. त्यातला एक पूर्ण बिनअंड्याचा हवा, कारण गल्लीत दोन गुजराती आणि एक तमिळ घर आहे ती अंडं खात नाहीत, आणि इतकी वर्षं ती मंडळी डिश घेऊन थँक्यू म्हणून पुढे कुणाला तरी देत होती हे मला माहितीये. शिवाय आमच्या घरात आई आहे. सप्टेंबरात गुहागरहून आलीय, जानेवारीपर्यंत राहणार. अंडं तिने आयुष्यात खाल्लेलं नाही.

हे बार ज्यांनी बघितले नसतील त्यांच्यासाठी: खाली ब्राऊन शुगरची चिवट पोळी, इथे तिला ब्लॉंडी म्हणतात, म्हणजे ब्राऊनीच पण कोको नसलेली. त्यात सुकवलेल्या क्रॅनबेरी, पाकवलेलं आलं, व्हाइट चॉकलेटचे तुकडे. वर क्रीम चीजचा थर, त्यावर परत क्रॅनबेरी, आणि शेवटी वितळलेल्या व्हाइट चॉकलेटच्या बारीक रेघा. स्टारबक्समध्ये सणाच्या दिवसांत क्रॅनबेरी ब्लिस बार मिळायचा तो याच जातीचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिला पॅन, कार्डाप्रमाणे. चांगला झाला पण आजींच्या हातचा नाही. वर फुगला, केकसारखा झाला. कारण कळलं, मी बटर आणि साखर मिक्सरने पाच मिनिटं फेटली, त्यात हवा भरली, वर बेकिंग पावडर दीड चमचा. ब्लॉंडीला हवा नकोच असते. बटर वितळवून घ्यायचं आणि चमच्याने हलवायचं, बस.

दुसरी गोष्ट, फार गोड. आणि मला वाटतं खरा मुद्दा हाच आहे. ब्राऊन शुगर गोड, व्हाइट चॉकलेट गोड, वरचा थर गोड, या सगळ्याला तोलून धरायला एकटी क्रॅनबेरी आणि तीच गोड निघाली तर मग काय उरलं. पाकिटावर बघितलं: पाव कपात, म्हणजे ४० ग्रॅममध्ये, साखर २९ ग्रॅम. ताज्या क्रॅनबेरीत १०० ग्रॅमला ४ ग्रॅमच्या आसपास असते. फळ चिरतात, साखरेच्या पाकात मुरवतात, मग वाळवतात, चिकटू नये म्हणून सूर्यफुलाचं तेल लावतात. नुसतं खायला छान आहे ते, पण इथे मला आंबट हवंय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

क्रॅनबेरी घरी सुकवल्या. आधी हे लिहिते की ऑक्टोबरात आईला घेऊन आम्ही दक्षिण जर्सीत चॅट्सवर्थच्या बाजूला, पाइन बॅरन्समध्ये गेलो होतो, तोडणी बघायला. घरापासून तासाभराचा रस्ता, सगळी वाळूची आंबट जमीन आणि पाइनची झाडं, आणि मधेच अचानक पाण्याने भरलेले लालभडक चौकोन. आई गाडीतून उतरली आणि बघतच राहिली, म्हणाली, "अगं ही तर भातखाचरं." खरंच तसंच होतं, चारी बाजूंनी मातीचे बांध, पाणी आत घ्यायला आणि सोडायला दारं. फक्त इथे पीक तयार झाल्यावर पाणी भरतात. वेल जमिनीलगत पसरलेले असतात, पाणी भरलं की त्यात फिरत्या रिळांचं यंत्र नेतात, फळं वेलापासून सुटतात आणि तरंगतात. मग छातीपर्यंत रबरी कपडे घातलेली माणसं तरंगत्या पट्ट्याने ती सगळी एका कोपऱ्यात ओढत आणतात. पाण्यात भिजलेली ही फळं टिकत नाहीत म्हणून ती रसाला, सॉसला, सुकवायला जातात. दुकानात ताजी म्हणून पिशवीत मिळतात ती कोरडी तोडलेली.

फळ का तरंगतं ते आज सुरीने कळलं. आडवं कापलं की आत चार पोकळ कप्पे, एखाद्या छोट्या घराच्या चार खोल्या असाव्यात तसे, आणि मधे बारीक बिया. म्हणूनच चांगलं फळ टेबलावर टाकलं की उसळी मारतं. लेकीने पिशवीतलं प्रत्येक फळ टाकून बघितलं, नऊ उसळली नाहीत, ती बाजूला काढली, आणि ती खरंच आतून मऊ निघाली.

आईने एक कच्चं तोंडात टाकलं. डोळे मिटले, म्हणाली करवंदासारखं आहे पण चीक नाही. आमच्याकडे मे महिन्यात पानाच्या द्रोणात मिळायची ती करवंदं, अर्धी कच्ची असली की जीभ अशीच गोळा व्हायची.

कृती: १२ औंसाची एक पिशवी, म्हणजे ३४० ग्रॅम. उकळत्या पाण्यात टाकून गॅस बंद, साली तडकेपर्यंत ठेवल्या, निथळून अर्ध्या कापल्या. ६० ग्रॅम साखर आणि दोन चमचे संत्र्याचा रस चोळून ट्रेवर पसरल्या. ओव्हन २०० फॅरनहाइटला (९३ सेल्सिअस), दार मधूनमधून उघडून वाफ सोडली. साडेतीन तास. हातात आल्या १२५ ग्रॅम. रंग विकतच्यापेक्षा गडद, चामड्यासारख्या झाल्या नाहीत, आणि चव आधी आंबट, मग गोड, शेवटी किंचित तुरट. हव्या होत्या तशा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज थँक्सगिव्हिंग आणि आईचा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, दोन्ही एकाच दिवशी आलं. सकाळी चौरंगावर कलश, नारळ, आंब्याची पानं इथे कुठून आणणार तर इंडियन स्टोअरची विड्याची पानं, आणि दुपारी ओव्हनमध्ये रताळी. बार वगैरे काही नाही आज. उरलेल्या एका पिशवीचं आईने रात्री लोणचं घातलं, मोहरीची डाळ, हिंग, हळद, तिखट, मीठ आणि गूळ थोडा जास्त. इथली बरीच मराठी आणि तेलुगू घरं घालतात हे, पण आईचं पहिल्यांदाच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बिनअंड्याच्या तीन चाचण्या, ८ बाय ८ च्या पॅनमध्ये अर्ध्या प्रमाणात, म्हणजे एका अंड्याच्या जागी.

दही ६० ग्रॅम: मऊ, पांढुरकं, ढोकळ्याच्या अंगाचं. बाद.

कंडेन्स्ड मिल्क: चव मस्त पण परत गोडाकडे गेलं, आणि कडा लवकर करपल्या. बाद.

जवस. एक मोठा चमचा दळलेला जवस, तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवला, छान बुळबुळीत झाला. हाच. अंड्याची पकड जवळपास येते आणि ब्राऊन शुगरच्या रंगात जवसाचे ठिपके लपतात. इथे सोनेरी जवस मिळतो तो घेतला तर अजिबातच दिसत नाहीत. जवस न भाजलेला घ्यायचा, आईने चटणीसाठी भाजून ठेवलेला आधी वापरून बघितला तर बारला चटणीचा वास आला.

या तीनही चाचण्या मी, नवरा आणि लेक अशा तिघांनीच खाल्ल्या. आई म्हणते नीट जमेल तेव्हा दे. तिला म्हटलं अगं यात अंडं नाहीये, तर म्हणते, "हो, पण तुझ्या मनासारखं झालंय का? मग."

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती, आईचा दुसरा गुरुवार. संध्याकाळी आरतीनंतर फक्त बटरचा प्रयोग केला कारण तो ओव्हनशिवाय होतो.

कुठेतरी वाचलं होतं की ब्लॉंडीत बटर तपकिरी होईपर्यंत गरम केलेलं घालतात. मी पातेलं ठेवलं आणि फेसामुळे खालचं काही दिसेना, पहिल्यांदा जळलं. आई मागून आली, म्हणाली बघू नकोस, ऐक. तूप कढवताना ती हेच करते. आधी तडतड आवाज येतो, ते पाणी उडत असतं. आवाज बारीक होत जातो, मग एका क्षणी शांत होतं, आणि तेव्हा बाजूला घ्यायचं. दुसऱ्या खेपेला मी पाठ करून उभी राहिले आणि नुसतं ऐकलं. शांत झालं तसा गॅस बंद केला. खाली बेरी, अगदी बदामी रंगाची, आणि वास असा की लेक वरच्या मजल्यावरून खाली आली.

बेरी गाळायची नाही, सगळी चव तिच्यात आहे. एक तांत्रिक गोष्ट, पाणी उडाल्यामुळे १७० ग्रॅम बटरचं १४३ ग्रॅम राहिलं. अंड्याच्या पॅनला ते चालतं, उलट चिवटपणा वाढतो. जवसाच्या पॅनला कोरडं पडेल म्हणून दोन चमचे दूध घालायचं.

६ डिसेंबर, शनिवार

व्हाइट चॉकलेटने आज रडवलं. वरच्या रेघांसाठी वितळवायला घेतलं, दोन मिनिटांत त्याची कणीक झाली, घट्ट, रवाळ, चमचा उभा राहील अशी. चमचा ओला होता. थेंबभर पाणी असेल पण तेवढं पुरतं, साखरेचे कण ते पाणी ओढून घेतात आणि एकमेकांना चिकटतात. भांडं कोरडं, चमचा कोरडा, आणि डबल बॉयलरची वाफसुद्धा भांड्यात जाता कामा नये.

दुसऱ्यांदा मायक्रोवेव्हमध्ये केलं, १५-१५ सेकंद, दरवेळी बाहेर काढून हलवून. तरी ते लोण्यासारखं वाहीना. मग पिशवी उलटी करून वाचली तर त्यावर व्हाइट चॉकलेट असा शब्दच नाही, नुसतं व्हाइट बेकिंग चिप्स, आणि घटकांत पाम कर्नल तेल. अमेरिकेत २००४ पासून नियम आहे, व्हाइट चॉकलेट म्हणायचं तर कोको बटर किमान २० टक्के, दुधाचे घन पदार्थ १४ टक्के, साखर ५५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. चिप्स मुद्दाम अशा करतात की ओव्हनमध्ये आकार टिकावा. कुकीत टाकायला ठीक आहेत, पण जिभेवर विरघळत नाहीत, मागे मेणासारखं राहतं. कोको बटर आपल्या तोंडाच्या उष्णतेला वितळतं, त्यासाठीच तर व्हाइट चॉकलेट खायचं.

ठरलं: पाटीचं, कोको बटरवालं चॉकलेट, सुरीने चिरून. वितळवताना ४५ सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही, त्यात दूध आहे, ते करपतं आणि परत रवाळ होतं. महाग पडतं, पडू दे.

१३ डिसेंबर, शनिवार

आजचा दिवस आल्याचा.

गेल्या दोन पॅनमध्ये दुकानातलं पाकवलेलं आलं घातलं होतं. तुकडे खाताना एकदम तिखट लागायचं आणि मधल्या घासात काहीच नाही, शिवाय रेषा दातात अडकायच्या. मी आईला सांगत होते की आलं साखरेत शिजवून वाळवलेलं असतं, तर ती म्हणाली, "म्हणजे आलेपाक म्हण ना." आणि मी एवढी वर्षं इथे राहून, आजींचे बार खाऊन, हे कधी जोडलंच नव्हतं. सर्दी झाली की बरणीतून एक वडी मिळायची ती.

तिने लगेच करायला घेतला. २०० ग्रॅम आलं, सोलून, चकत्या करून (आडव्या कापायच्या म्हणजे रेषा तुटतात), मिक्सरमधून दोन चमचे दुधाबरोबर बारीक वाटलं. ४०० ग्रॅम साखर, आल्याच्या दुप्पट. जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर, सतत ढवळत. मी थर्मामीटर लावायला गेले तर म्हणाली राहू दे ते, कडेने सुटायला लागलं की झालं. मी तरी लावला, ती म्हणाली "झालं" तेव्हा ११६ सेल्सिअस होतं. खाली उतरवून ती घोटत राहिली, गोळा पांढुरका झाला, कडा कोरड्या दिसायला लागल्या, तूप लावलेल्या ताटात थापला आणि गरम असतानाच वड्या पाडल्या. हात थापताना भाजतो म्हणून ती वाटीच्या बुडाला तूप लावून फिरवते. एका ताटात दहा मिनिटांत सगळं एका जाडीचं. मी मोजपट्टी लावून बघितली, खरंच.

या आलेपाकाचा चुरा ४५ ग्रॅम एका पॅनमध्ये. बारीक वाटलेला असल्याने तो पिठात सगळीकडे जातो, आणि साखरेचे कण ओव्हनमध्ये अर्धवट विरघळतात, त्यामुळे पोळीच्या कडेला किंचित कुरकुरीत लागतं. पहिला घास घेतला आणि मी गप्प बसले. आधी बेरीचा खमंगपणा, मग क्रॅनबेरी आंबट, आणि गिळल्यावर घशात आल्याची ऊब. गोडपणा आहे, पण तो आता मागे आहे. जमलं.

शेवटचं प्रमाण, एका ९ बाय १३ पॅनसाठी:

बटर १७० ग्रॅम कढवून. ब्राऊन शुगर २४० ग्रॅम. अंडी २, किंवा जवस २ मोठे चमचे अधिक पाणी ६ चमचे, आणि दूध २ चमचे. व्हॅनिला २ छोटे चमचे. मैदा २४० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा सपाट, मीठ अर्धा. आलेपाक ४५, घरच्या क्रॅनबेरी ७०, व्हाइट चॉकलेट ९० ग्रॅम. ३५० फॅरनहाइट (१७७ सेल्सिअस), अंड्याचा २१ मिनिटं, जवसाचा २४. मधे बोट लावलं तर किंचित दबलं पाहिजे, सुई पूर्ण कोरडी निघाली तर उशीर झालाय.

थर: क्रीम चीज २२६ ग्रॅम, बटर ५५, वितळवून कोमट झालेलं व्हाइट चॉकलेट ११०, पिठीसाखर फक्त ५०, एका संत्र्याची किसलेली साल. क्रीम चीज दोन तास आधी बाहेर काढायचं, थंड असलं की चॉकलेट लागल्या लागल्या त्याच्या गुठळ्या होतात. वरून क्रॅनबेरी ५०.

१८ डिसेंबर, गुरुवार

आईचा चौथा गुरुवार, उद्यापन. काल रात्री जवसाचा पॅन करून ठेवला होता, पोळी आणि थर दोन्ही. क्रीम चीजच्या डब्यावरचे घटक तिने स्वतः मला वाचायला लावले: दूध, साय, मीठ, विरजण, कॅरोब बियांचा डिंक. चालेल म्हणाली.

संध्याकाळी पाच जणी हळदीकुंकवाला आल्या, फळ आणि पोथीबरोबर एकेक त्रिकोण. कापणं हे वेगळं काम आहे. पॅन रात्रभर फ्रीजमध्ये, लांब सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, एक काप, परत पुसायची. पुसलं नाही तर पांढऱ्या थरावर लाल ओरखडे येतात. आई शेजारी बसून बघत होती, तिरका काप चुकला की "सरळ, सरळ" म्हणायची, शंकरपाळे कापताना म्हणायची तसंच.

रात्री उपास सोडल्यावर तिने पहिला बार खाल्ला. पाच आठवड्यांत पहिलाच. सावकाश, बारीक तुकडे करत, बशीतली क्रॅनबेरी शेवटी वेगळी खाल्ली. मग म्हणाली, "अजून एक अर्धा दे."

उद्यापनाला सहा गेले, म्हणून उद्या जवसाचा आणखी एक पॅन लावावा लागणार. उरलेले घरात खाऊ.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दोन्ही पॅन झाले. अंड्याचा २१ मिनिटांत, जवसाचा २५. डब्यांवर हिरवी चिठ्ठी म्हणजे बिनअंड्याचे, लेकीने चिठ्ठ्या रंगवल्या. रेघांसाठी व्हाइट चॉकलेट ६० ग्रॅम अधिक तेल अर्धा छोटा चमचा, झिपच्या पिशवीचा कोपरा अगदी सुईएवढा कापून. हात थांबवायचा नाही, थांबला की थेंब पडतो.

२० डिसेंबर, शनिवार

बारा डबे दिले. तमिळ घरातल्या काकूंनी हिरवी चिठ्ठी बघितली आणि दारातच उभ्या राहून एक खाल्ला.

आजींचं घर शेवटी ठेवलं होतं, आईला बरोबर नेलं. प्लास्टर निघालंय पण बोटांत अजून जोर नाही, बार त्यांनी डाव्या हाताने उचलला. एक घास खाऊन त्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे नाही, आणि विचारलं की यात आलं कसलं आहे. आईला इंग्रजी फारसं येत नाही, तिने हाताने घोटून दाखवलं, मग ताटात थापून दाखवलं, मग कडेने सुटलं म्हणजे झालं हे दोन्ही हात बाजूला नेऊन दाखवलं. आजींना कळलं, त्या त्यांच्या आजीबरोबर फज घोटायच्या म्हणे.

मी कार्ड परत द्यायला नेलं होतं. त्यांनी पेन पुढे केलं, माझा हात लिहीत नाही, तू लिही म्हणाल्या. "आलं थोडं" च्या खाली मी लिहिलं: आलेपाक, ४५ ग्रॅम, आल्याच्या दुप्पट साखर. आई म्हणाली दूध राहिलं. ते पण लिहिलं.

त्यांचा मुलगा २४ तारखेला येतोय, त्याच्यासाठी आठ अजून हवेत. घरी जवसाच्या आधीच्या पॅनमधले अकरा शिल्लक आहेत, पण रेघा मारलेल्या नाहीत. सोमवारी मारते.